तुपाच्या बरणीवर जनावराचा चाराही छापा

मा. संपादक,

‘ए-टू तूप’ आणि ‘ओमेगा-३ अंडी’ आता गल्लीतल्या दुकानातही मिळू लागली आहेत. या दोन्हींना चढा भाव मागितला जातो तो त्यातली चरबी चांगली म्हणून. ती चरबी कशी निपजेल हे बऱ्याच अंशी जनावर काय खाते यावर ठरते, आणि वेष्टनावर नेमके तेच नसते.

आधी तुपाचे पाहू. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचा. तूप कढवल्यावर त्यात प्रथिन जवळपास उरतच नाही, मग ‘ए-टू तूप’ म्हणजे काय? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे काढून टाकायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला.

चाऱ्याचा परिणाम मात्र खरा आहे. ताज्या हिरव्या गवतातल्या चरबीत साधारण निम्मा किंवा अधिक वाटा ओमेगा-३ गटातल्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा (एएलए) असतो. कडब्यात तो फारसा उरत नाही. पण गाई-म्हशींच्या कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) जिवाणू ही असंतृप्त आम्ले बहुतांशी संतृप्त करून टाकतात. या प्रक्रियेत अर्धवट बदललेले जे आम्ल निसटते, त्यापासून कासेत ‘सीएलए’ (कॉन्जुगेटेड लिनोलेइक आम्ल) बनते. ओल्या चाऱ्यावर ते दुप्पट-तिप्पट होते, आणि जाहिराती एवढेच सांगतात. हिशेब केला तर ५ ग्रॅम तुपात सुमारे २५ मिलिग्रॅमचे ५० किंवा ७५ मिलिग्रॅम होतात. माणसांवरच्या चाचण्यांत सीएलएची मात्रा दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास असते. संतृप्त चरबी मात्र गाय कुठेही चरली तरी साधारण ६० टक्क्यांच्या वरच राहते. तेव्हा कुरणातले तूप चवीसाठी जरूर घ्या, औषध म्हणून नको.

चाऱ्याने तूप किती बदलते हे पाहायचे तर कापूस पट्ट्यातले तूप पाहावे. सरकी भरपूर खाणाऱ्या जनावराचे तूप कडक होते आणि वितळायला जास्त उष्णता घेते. सरकीच्या तेलातली लांब साखळीची आम्ले रक्तातून कासेत येतात, तर कासेत तयार होणारी ब्युटिरिकसारखी छोटी आम्ले कमी पडतात. तुपाचे आरएम (रायखर्ट-माइसल) मूल्य, म्हणजे अशा छोट्या आम्लांचे माप, त्यामुळे घसरते. म्हणूनच भेसळ प्रतिबंधक नियमांत कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी वेगळे निकष ठेवावे लागले. हाल्फेन चाचणीचेही तेच. ती सरकीचे तेल पकडण्यासाठी, पण सरकी खाल्लेल्या म्हशीचे निर्भेळ तूपही त्या चाचणीत लाल रंग दाखवते. एवढ्यावरून भेसळीचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

‘फॅट लागत नाही’, म्हणजे डेअरीच्या मोजणीत दुधातली चरबी कमी भरते, म्हणून खुराकात तेल ओतणारेही आहेत. आहाराच्या एकूण शुष्क भागात चरबी ६-७ टक्क्यांपलीकडे गेली आणि वैरण कमी पडली, की कोठीपोटात ट्रान्स-१० प्रकारची आम्ले तयार होतात आणि कासेत चरबी बनणे मंदावते. डेअरीत फॅट वाढण्याऐवजी उतरते. पाम तेलापासून केलेले बायपास फॅट कोठीपोटातून बऱ्याच अंशी न बदलता पुढे जाते आणि फॅट वाढवू शकते, पण त्यातून दुधात येते ते मुख्यतः पामिटिक, म्हणजे संतृप्तच.

कोंबडीची गोष्ट वेगळी. तिला कोठीपोट नाही, त्यामुळे खाद्यातली आम्ले बऱ्याच प्रमाणात तशीच बलकात उतरतात. मका-सोयाबीनवरच्या अंड्यात ओमेगा-६ चे पारडे जड असते. खाद्यात १० टक्के जवस घातले तर दोन-तीन आठवड्यांत अंड्यातले ओमेगा-३ सुमारे ३००-४०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. याहून जास्त जवस घातले तर अंड्याला माशासारखा वास येतो आणि कोंबड्या खाद्य टाकतात. जवस भरडून ठेवले तर तेल खवट होते, म्हणून लागेल तेवढेच भरडावे आणि सोबत ई जीवनसत्त्व वाढवावे. कोलेस्टेरॉल मात्र १८०-२०० मिलिग्रॅमच्या आसपासच राहते. बलक गडद केशरी दिसला म्हणून ओमेगा-३ जास्त, असेही नाही. तो रंग झेंडूच्या पाकळ्यांच्या अर्काचाही असू शकतो.

दिवसाला ११० ग्रॅम खाद्य खाणाऱ्या कोंबडीच्या पोटात ११ ग्रॅम जवस जाते. त्यात एएलए सुमारे २ ग्रॅम, आणि अंड्यात उतरते त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतके. तेवढ्याच जवसाची चटणी भाकरीबरोबर खाल्ली तर ते सगळे आपल्याच पानात पडते. अंड्याची खरी कमाई डीएचए, हे ओमेगा-३ गटातलेच दुसरे आम्ल. माणसाचे शरीर एएलएपासून ते फार थोडे बनवते, कोंबडी मात्र ते बनवून बलकात साठवते, साधारण ८०-१०० मिलिग्रॅम.

म्हणून अंड्यांच्या खोक्यावर नुसते ‘ओमेगा-३’ न छापता एका अंड्यामागे एएलए किती, डीएचए किती आणि तपासणी कधी झाली हे छापणे सक्तीचे करावे. जवस महागले की खाद्यातला त्याचा वाटा आधी कापला जातो, दोन-तीन आठवड्यांत अंडी पूर्ववत होतात आणि खोका तोच राहतो. ‘कुरणातले तूप’ विकणाऱ्यांनीही वर्षातले किती महिने ओला चारा मिळतो हे सांगावे. आपल्या कोरडवाहू भागात फेब्रुवारी ते जून बहुतेक गोठे कडबा, मुरघास आणि पेंडीवरच चालतात.

— पशुआहार व दुग्धतंत्र क्षेत्रातील काही वाचक