पैसे पोराचे, पुस्तक मात्र कॉम्प्युटरचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लालबागमधल्या एका मंडळाच्या अभ्यासिकेचं संध्याकाळचं काम मी बघतो. येणारी बरीचशी पोरं चाळीतली, कोणी एमपीएससी, कोणी बँकिंग, कोणी पोलीस भरती, आणि घरात पाच माणसं नि खोली 160 चौरस फुटांची म्हटल्यावर तिथे अभ्यास कुठे करणार, म्हणून मंडळाच्या कॉम्प्युटरवरच आळीपाळीने सगळ्यांचं चालतं. पण हल्ली क्लासवाले आणि प्रकाशक जे पीडीएफ, ई-बुक विकतात त्यांना लॉक असतं, आणि ते बनवणाऱ्याने एका माणसाचा एक कॉम्प्युटर असणारच असं धरलेलं असतं. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

एका क्लासच्या नोट्स (नाव मुद्दाम देत नाही) पहिल्यांदा ज्या मशीनवर उघडल्या फक्त त्याच मशीनवर उघडतात. त्या मशीनवर दुसरं कोणी बसलं असेल तर पैसे भरलेला पोरगा बाजूला उभा. विंडोज नव्याने टाकलं की झालं, क्लासला फोन करा, मेल करा, उत्तराची वाट बघा, तोवर परीक्षा जवळ येते.

मोठ्या कंपन्यांचं जरा बरं असतं पण तिथेही गंमत आहेच. ॲडोबी डिजिटल एडिशन्स या ई-बुक वाचायच्या प्रोग्रॅममध्ये एका आयडीवर (म्हणजे एकाच्या खात्यावर) सहा कॉम्प्युटर चालतात, ऐकायला भरपूर वाटतं. पण ती परवानगी विंडोजच्या त्या एका युजरपुरती असते, त्याच मशीनवर दुसरा युजर लॉगिन झाला की त्याला पुस्तक बंद. सगळे एकाच युजरने बसले तर एका वेळी एकाचीच आयडी चालणार, दुसऱ्याला आपली टाकायची तर आधीच्याची काढावी लागते. आयडी न देता चालू केलं तर पुस्तक त्या मशीनलाच चिकटतं, दुसरीकडे नेता येत नाही. आणि परवानगी काढायच्या आधीच हार्डडिस्क गेली तर सहातली एक जागा फुकट अडकून बसते, मग कस्टमर केअरच्या मागे लागा.

आता ऑफलाइनचं. पावसाळ्यात लाईट गेली की राउटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि पुस्तक म्हणतं आधी नेट लावा. चिडचिड होते, पण विकणाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी असं मला वाटतं. ऑफलाइन उघडायचं म्हणजे परवानगीची चिठ्ठी मशीनमध्येच ठेवून द्यायची, आणि एकदा दिलेली चिठ्ठी नेट नसताना परत मागता येत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या (वर्ड, एक्सेल वगैरे) संरक्षित फाइल्सचंच बघा, तिथे ही मुदत आपण बदलली नाही तर 30 दिवस असते, म्हणजे एखाद्याचा हक्क आज काढून घेतला तरी त्याने नेटच लावलं नाही तर जुन्या चिठ्ठीवर तो महिनाभर फाइल उघडू शकतो. मुदत शून्य ठेवली तर दर वेळी नेट लागणार. दोन्ही टोकं त्रासाची, मधे कुठेतरी आठ-पंधरा दिवस ठेवा की. पण आमचे क्लासवाले मुदत किती ते विकताना सांगतच नाहीत, पोरांना कळतं पैसे भरल्यावर. आणि परवानगी देणारा विकणाऱ्याचा सर्व्हरच बंद पडला तर? मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही उघडायची बंद झाली. त्यांनी पैसे परत दिले. आमच्या नाक्यावरचा क्लास देईल?

ज्यांना नीट दिसत नाही त्यांचे हाल तर वेगळेच. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायची मोकळीक दिली आहे, पण कॉपी बंद करायच्या नादात स्क्रीन रीडरचाही (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) रस्ता बंद करून ठेवतात, मग कायद्याने दिलेलं हातात येणार कसं?

गंमत म्हणजे जिथे खरंच कुलूप पाहिजे तिथे सगळं उघडं. अभ्यासिकाच कशाला, कुठल्याही झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा, कोणाकोणाची ई-आधार, मार्कशीट, पॅन कार्ड पडलेली असतात. ई-आधारला पासवर्ड आहे हो, पण नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल, एवढाच. ज्या पोरांनी एकमेकांच्या वाढदिवसाचे केक कापलेत त्यांच्यात हा पासवर्ड कसला? आमच्याकडे आता प्रत्येक पोराला विंडोजचा वेगळा युजर आणि वेगळा पासवर्ड दिला आहे, ॲडमिनचे, म्हणजे मशीनमध्ये हवे ते बदल करायचे, अधिकार कोणालाच नाहीत, बाहेरच्याने येऊन काही प्रिंट काढलं तर फाइल डिलीट करून रिसायकल बिनही रिकामी करायची. खर्च शून्य. झेरॉक्सवाल्यांनाही एवढं जमायला हरकत नसावी.

प्रकाशक आणि क्लासवाल्यांना मात्र जरा जास्त करावं लागेल. पुस्तक माणसाच्या लॉगिनवर द्या, मशीनवर नको. ऑफलाइन किती दिवस चालेल ते पावतीवर छापा. अभ्यासिकांना वाचनालयासारखा परवाना द्या, एका वेळी एक वाचक आणि मुदत संपली की आपोआप परत, त्याची वर्गणी आम्ही मंडळातून भरू. माझं वैयक्तिक मत विचाराल तर लॉकपेक्षा प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव छापलेलं बरं, स्वतःचं नाव असलेली फाइल टेलिग्रामवर टाकताना पोरगा दहादा विचार करतो. नुसतं नावच हं, मोबाइल नंबर नको, तो काही क्लासवाले छापतात आणि मग मुलींना नको ते फोन येतात.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई