गीझरमधले क्षार तलावाचे नव्हेत

संपादक महोदय,

उन्हाळ्यात उपनगरांतील सोसायट्यांत टँकरच्या फेऱ्या वाढल्या की गीझर जळाल्याच्या आणि शॉवरची भोके बुजल्याच्या तक्रारीही वाढतात, आणि दोष सर्रास महापालिकेच्या पाण्याला दिला जातो. वास्तविक तानसा, भातसा, वैतरणा या जलाशयांतले पाणी पावसाचे असल्याने मुळात मृदू असते. कूपनलिकेचे पाणी मात्र खडकांच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवत आलेले असते आणि टँकरमध्ये बहुधा तेच भरलेले असते. अनेक इमारतींत ही दोन्ही पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत सोडली जातात. तिथेच चांगल्या पाण्याची माती होते.

आमच्या घरी प्लंबरने गीझर उघडला, तेव्हा कॉइलवर मळकट पांढरे कवच चढले होते. स्क्रू-ड्रायव्हरने ठोकताच त्याच्या खपल्या पडल्या आणि त्यांवर व्हिनेगर टाकताच फेस आला. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट सुटते व तापलेल्या धातूवरच बसते. या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे वीज जास्त लागते आणि शेवटी कॉइल जळते.

टँकरवाले ‘पाणी प्रमाणित आहे’ म्हणतात, ते खोटे असेलच असे नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा, म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पण ५०० जडपणाचे पाणी पिण्यास चालले, तरी गीझरला ते मानवत नाही. दारोदार टीडीएस मीटर दाखवत आरओ विकणाऱ्यांचे तर नवलच! तो आकडा विरघळलेल्या सर्वच पदार्थांचा असतो, एकट्या जडपणाचा नव्हे. शिवाय स्वयंपाकघरातला आरओ न्हाणीघरातल्या गीझरला कसा वाचवणार?

टँकरचे व कूपनलिकेचे पाणी वेगळ्या टाकीत साठवून फ्लश, बाग आणि गाड्या धुण्यापुरते वापरणे, हा खरा उपाय आहे. जुन्या इमारतींत दुहेरी नळजोडणी नसल्याने तो खर्चिक ठरेल, हे मान्य. निदान टँकरच्या प्रत्येक पावतीवर पाण्याचा स्रोत आणि जडपणाचा आकडा छापणे महापालिकेने बंधनकारक करावे, म्हणजे कोणते पाणी कोणत्या टाकीत सोडायचे, हे सोसायटीला ठरवता येईल.

– एक वाचक, कांदिवली (पूर्व), मुंबई