आईच्या पायातल्या मुंग्या

लेस्टर

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू काशाच्या वाटीने तळवे घासत बसली होतीस. "मुंग्या येतात गं, वय झालं," एवढंच म्हणालीस आणि लगेच माझ्या हाडांच्या काळजीला लागलीस. त्या मुंग्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. मेसेज केला असता तर बाबांनी अंगठा दाखवून सोडून दिला असता, म्हणून हे पत्र.

आधी माझं. दूध-दही मी परत सुरू करणार नाही. ठरलंय ते. तुमचा शब्द मोडायचा म्हणून नाही, खरंच नाही. त्या वासराचं तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा उगाळत नाही. आणि डोळे मिटूनही हे करत नाहीये. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे ५५,००० माणसांची साधारण १८ वर्षं नोंद ठेवली, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मांसाहार करणाऱ्यांपेक्षा व्हीगन, म्हणजे मांसाबरोबर दूध-दहीही न खाणाऱ्या लोकांत हाडं मोडण्याचा धोका ४३ टक्के जास्त निघाला आणि खुब्याचं हाड मोडण्याचा तर दुपटीहून जास्त. आजीचं ते वर्ष मीही विसरलेले नाही गं. पण हिशेब मांडला तर हजार माणसांमागे दहा वर्षांत साधारण वीस फ्रॅक्चर जास्त. त्यातलंही काही कमी वजनामुळे, काही कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडल्यामुळे. ते माझ्या हातात आहे. रोज डाळ किंवा उसळ असते, टोफू असतो, कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध असतं, बी १२ जीवनसत्त्वाची गोळी चुकत नाही आणि जिममध्ये वजनं उचलते. पोटभर जेवते, आई. चेहरा उतरलेला दिसतो तो इथल्या उजेडामुळे.

आता तुमचं. बाबांच्या साखरेसाठी तुम्ही दोघांनी दूध सोडलंत, त्यात माझा आग्रह होता आणि बाबांचं वजन उतरलं याचा मला आनंदच आहे. पण माझ्या सोयाच्या दुधात कॅल्शियम आणि बी १२ कारखान्यातच मिसळलेलं असतं. तू घरी वाटतेस त्या शेंगदाण्याच्या दुधात ते नसतं. बी १२ जिवाणू तयार करतात, डाळ-भाजीतून ते मिळत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे काही वर्षं काहीच जाणवत नाही. मग मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं आणि आपण म्हणतो वय झालं. फार उशीर झाला तर नसांची झालेली इजा पूर्ण भरून येत नाही. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून निर्धास्त राहू नका. डाळी-पालेभाज्यांतल्या फोलेट नावाच्या जीवनसत्त्वामुळे रक्त ठीक दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालू राहतं. त्यात बाबांची साखरेची गोळी, मेटफॉर्मिन. ती बरीच वर्षं घेतली की बी १२ कमी होऊ शकतं. पण म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही, बाबा. डॉक्टरांना विचारायचं.

घाबरू नका. मुंग्या साखरेच्याही असतील, मणक्याच्याही असतील. म्हणूनच तपासायचं. गुरुवारी सकाळी लॅबचा माणूस घरी येईल, पैसे भरलेत. दोघांचं बी १२ आणि ड जीवनसत्त्व, आणि आईची हाडांची घनता, त्यासाठी मात्र साताऱ्याला जावं लागेल. रिक्षा नको, गाडी सांगा. रक्त देईपर्यंत बी १२ ची गोळी सुरू करायची नाही, नाहीतर आकडा फसवा येतो. नंदूकाकांनी दिलेली स्पिरुलिना, ती शेवाळासारखी हिरवी पूड, आता पुरे. तिच्यातलं बी १२ आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही.

नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी रोज हवी, नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पालकावर मात्र विसंबू नको, त्यातलं फारसं अंगी लागत नाही. आणि आई, तुला दहीभात खावासा वाटत असेल तर खा. मला काय वाटेल याचा विचार करत बसू नकोस. लहानपणी मी सायीला नाक मुरडायचे तेव्हा तू गुपचूप ती गाळून द्यायचीस, कधी ओरडली नाहीस. तुझ्या ताटात काय असावं यावरून मी का रागवेन? पण दही खाल्लं तरी तपासणी चुकवायची नाही. दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही आपल्याकडे बी १२ कमी सापडतं.

रात्री उठताना दिवा लावायचा. बाथरूमबाहेरचं ते सरकणारं पायपुसणं आजच काढा. बाबा, रिपोर्टची सगळी पानं पाठवा, नुसतं "नॉर्मल आहे" चालणार नाही. शुक्रवारी तुमच्या सकाळच्या चहाच्या वेळी फोन करते.

तुमची,
मनू