रात्रीची धडधड आणि सकाळचा ईसीजी

महोदय,

मध्यरात्री छातीत धडधडून जाग येते, अशी तक्रार आमच्या ऐरोलीत, विशेषतः ठाणे-बेलापूर मार्गावरील कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांकडून, वरचेवर ऐकू येते. आणि सकाळी काढलेला ईसीजी नॉर्मल निघाला की ‘पित्त असेल’, ‘टेन्शन असेल’ म्हणून विषय तिथेच सोडला जातो. हे मला धोक्याचे वाटते. साध्या ईसीजीत काही सेकंदांचीच नोंद असते. रात्री येऊन गेलेली धडधड पकडायची तर निदान २४ तासांचे हॉल्टर, म्हणजे अंगावर बाळगून ठोक्यांची सलग नोंद घेणारे छोटे यंत्र, लावावे लागते.

जागेपणी शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या हृदयाचे मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात आणि गाढ झोपेत हा वेग आणखी उतरतो. वाईट स्वप्नाने दचकून उठल्यावर तो चढला, तर त्यात वावगे काही नाही. मात्र मोठ्याने घोरणाऱ्याचा श्वास मध्येच अडत असेल, तर रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू शरीराला खडबडून जागे करतो आणि हृदय एकाएकी धावू लागते. रोज असे घडत राहिल्यास रक्तदाब वाढण्याचा, ठोके कायमचे अनियमित होण्याचा आणि त्यातून पक्षाघाताचाही धोका असतो. घोरणाऱ्याला स्वतःला यातले बहुधा काहीच कळत नाही. म्हणून घरच्या माणसाने डॉक्टरांकडे सोबत जाऊन ते सांगितलेच पाहिजे.

माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत कारण वेगळेच निघाले. एकादशीला ती जवळपास उपाशी झोपली, मधुमेहाची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. रात्री उठली तेव्हा अंगावरचे कपडे घामाने भिजले होते, हात कापत होते आणि ग्लुकोमीटर ५८ दाखवत होता. साखर घसरली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते. धडधड त्याचीच होती. वाढलेला थायरॉइड, रक्तक्षय, ताप, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, रात्रीचे मद्य हीही कारणे असू शकतात. धडधडीसोबत छातीत दुखले, दम लागला किंवा भोवळ आली, तर मात्र सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करावा.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या आरोग्य केंद्रांत अशा रुग्णाला घोरणे, उपवास, रात्रपाळी आणि चालू औषधे यांबद्दल आवर्जून विचारण्याची पद्धत पाडावी आणि पालिका रुग्णालयांत हॉल्टर तपासणी सामान्य माणसाला परवडेल अशा दरात मिळेल, हे पाहावे, अशी माझी मागणी आहे.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई