विषय: माझा पेमेंटचा डेटा जाहिरातीसाठी कुणी वापरला ते लेखी कळवा

नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमच्या साइटवरून ऑर्डर केली तेव्हा पेमेंटच्या पानावर घाईघाईत माझं आडनाव चुकलं, एक अक्षर दोनदा पडलं. तसं आडनाव मी दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. आणि आता दोन आठवडे तुमच्या पेमेंट गेटवेवाल्यांच्या, म्हणजे तुमच्यासाठी कार्डावरून पैसे घेणाऱ्या कंपनीच्या, लोनच्या जाहिराती मेलवर येतायत, वर नाव तेच, त्या जास्तीच्या अक्षरासकट. म्हणजे डेटा कुठून गेला हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या सपोर्टला विचारलं तर म्हणे पेमेंटचा डेटा गेटवेकडे असतो, त्यांना विचारा. त्यांना मेल केला तर म्हणे आम्ही फक्त प्रोसेसर, म्हणजे सांगितलेलं काम करणारे, डेटाचं ठरवणारा कंट्रोलर म्हणजे दुकानदार, त्यांच्याशी बोला. तीनदा हेच झालंय आणि आता खरंच संताप येतोय, कार्ड माझं, नाव माझं, आणि जबाबदारी घ्यायला कुणीच नाही.

तुम्ही जीडीपीआर, म्हणजे युरोपियन युनियनचा डेटा संरक्षण कायदा, पाळता असं तुमच्याच प्रायव्हसी पॉलिसीत आहे. त्या कायद्यात डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे जो ठरवतो तो कंट्रोलर, त्याच्या सूचनेप्रमाणे काम करतो तो प्रोसेसर, आणि दोघांत करार लागतोच, कलम २८. त्याच कलमात हेही आहे की प्रोसेसरने परस्पर उद्देश ठरवला तर तेवढ्यापुरता तोच कंट्रोलर धरला जातो. फ्रॉड तपासायला किंवा मनी लाँडरिंगच्या कायद्यासाठी गेटवे स्वतः कंट्रोलर असू शकतो, ते मला मान्य आहे. पण लोनची जाहिरात? ती ना माझ्या ऑर्डरला लागते ना फ्रॉड पकडायला. एकतर तुम्ही त्यांना तशी मुभा दिलीत नाहीतर त्यांनी तुम्हाला न विचारता वापरला, कसंही असलं तरी उत्तर तुम्हीच द्यायचंय, कारण हा गेटवे तुम्ही निवडला, मी नाही.

तर कलम १५ प्रमाणे मला कळवा की माझा कुठकुठला डेटा तुमच्याकडे आहे, तो कुणाकुणाला आणि कशासाठी दिला, किती दिवस ठेवणार, आणि हो, कार्ड सेव्ह झालंय का तेही, कारण तो टिक मी केलेला नव्हता, आधीपासूनच होता. जाहिरातीसाठी डेटा वापरायला माझा विरोध आहे, कलम २१ खाली तो वापर लगेच थांबवा आणि गेटवेलाही तुम्हीच कळवा, मला परत तिकडे पाठवू नका. उत्तराला कायद्याने एक महिना आहे, तो आजपासून धरतोय. त्यात उत्तर नाही आलं तर हाच मेल, दोन्हीकडच्या उत्तरांच्या स्क्रीनशॉटसकट, डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे जाईल.

तुमचा ग्राहक
(ऑर्डरची पावती आणि जाहिरातीचे मेल सोबत जोडलेत)