हे ‘हळूहळू’ कधी संपणार, गृहमंत्री साहेब?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पोलिसांच्या विशेष पथकांना पाट्या मिळाल्या, आता माणसे द्यावीत.

साहेब, नमस्कार.

आमच्या शेजारच्या जिजींच्या खात्यात कापसाचे पैसे आले आणि चौथ्या दिवशी गेलेही. पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एक फाइल आली होती, नातवाने ती उघडली. ठाण्यात जिजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “भाऊ, मना पैसा गयात.” ठाणे अंमलदाराने खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले, हे सायबरचे काम आहे, जिल्ह्याला जा. एसटीने जिल्ह्याला पोहोचलो तोवर दुपार टळली होती. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार फोनवरून लगेच नोंदवायचा 1930 हा क्रमांक आम्हाला तिथे कळला. सकाळी ओट्यावर बसून तोच फिरवला असता, तर पैसा चोरांनी भाड्याने घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याआधी बँकेला तो गोठवायची संधी तरी मिळाली असती. मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले, मलाही हा क्रमांक पाठ नव्हता. तेव्हा सगळा राग पोलिसांवर काढणार नाही.

त्या अंमलदाराची अडचण मला नंतर कळली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. आता तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक म्हणजे मोठे साहेब. गणेश विसर्जन त्यांच्याकडे, मोर्चा त्यांच्याकडे, मंत्र्यांचा दौरा त्यांच्याकडे (राग मानू नका), शांतता समितीची बैठकही त्यांच्याकडेच. ते जिजींच्या पैशांमागे कधी धावणार? खानदेशातल्या कितीतरी ठाण्यांचा कारभार सहायक निरीक्षकच बघतात, तिथे तर हा तपास करायला कायद्याने माणूसच नाही. 2016 च्या स्वातंत्र्यदिनी राज्यभर सायबर लॅब सुरू झाल्या, पुढे जिल्ह्याला सायबर पोलीस ठाणे आले. चांगलेच झाले. पण धडगाव-मोलगीच्या माणसाने सातपुड्याचे घाट उतरून नंदुरबार गाठायचे, आणि चोराने तेवढ्या वेळात तीन राज्ये ओलांडायची, हा हिशेब जुळत नाही.

पथकांची नावे आम्हाला तोंडपाठ आहेत. स्थानिक गुन्हे शाखा, आर्थिक गुन्हे शाखा, दामिनी पथक, भरोसा सेल, बॉम्बशोधक पथक, दंगा नियंत्रण पथक, शहर वाहतूक शाखा. नवीन पथक निघाले की फीत कापली जाते, गाडीवर नाव रंगवले जाते आणि पेपरात फोटो येतो. पण माणसे कुठून येतात? ठाण्यांतूनच. हवालदार कागदावर ठाण्याचा, काम पथकात, आणि सणासुदीला पुन्हा बंदोबस्तात. इकडे ठाण्यातल्या उरलेल्यांवर त्याच्या वाटणीच्या केसेस. एकच चादर आहे, डोक्यावर ओढली की पाय उघडे.

श्वान पथकाचेच बघा. घरफोडीच्या बातमीतले शेवटचे वाक्य आमच्याकडे लहान पोरालाही पाठ आहे : “श्वान काही अंतरावर जाऊन घुटमळले.” त्यात बिचाऱ्या श्वानाची चूक नाही. ते जिल्ह्याहून येईपर्यंत अर्धी गल्ली त्या खोलीत जाऊन कपाट बघून आलेली असते, आणि चोर कोपऱ्यावरून मोटारसायकलने गेलेला असतो. बोटांच्या ठशांचेही तेच. बरे, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी येणे बंधनकारक आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे घरफोडीही त्यात आली. दार तोडलेल्या प्रत्येक घरी तज्ज्ञ पाठवायचा, तर एवढे तज्ज्ञ तालुक्यापर्यंत कसे पोहोचणार, याची तयारी आमच्या डोळ्यांना अजून तरी दिसलेली नाही.

आमच्या पोलिसांना कामच येत नाही, असे कोणी म्हणू नये. मध्य प्रदेशातल्या उमर्टीचे गावठी कट्टे चोपड्याच्या बाजूने उतरतात, ते पकडायला रात्रीचे नाके लावून बसतात ती हीच माणसे. खबरी जपावे लागतात, रस्ते आणि बोली माहीत असावी लागते. तीन वर्षे त्याच कामात राहिलेला हवालदार जे जाणतो, ते दर दोन महिन्यांनी बदललेल्या माणसाला येत नाही.

साहेब, ही मागणी माझ्या मनची नाही. 22 सप्टेंबर 2006 रोजी पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्त करणारे पोलीस वेगळे करा. सुरुवात दहा लाख किंवा जास्त लोकवस्तीच्या शहरांतून करा, मग हळूहळू लहान शहरांत न्या. 2011 च्या जनगणनेत जळगावची वस्ती 4 लाख 60 हजार, धुळ्याची पावणेचार लाख, नंदुरबारची सव्वा लाखही नाही. म्हणजे आम्ही सगळे त्या ‘हळूहळू’त मोडतो. निकाल लागला त्या वर्षी माझ्या वर्गात पहिलीला असलेली पोरे आता बाप झाली.

मला नवे पथक नको, नवी गाडीही नको. सायबर ठाण्याची पदे त्याच ठाण्याच्या नावाने मंजूर करा, उसनवारीने नकोत. दोन-तीन तालुके मिळून एक निरीक्षक फक्त या गुन्ह्यांसाठी द्या. आणि तोवर, पैसा लागत नाही असा एक लेखी आदेश काढा : सायबर आणि तपासाच्या कामावरचा माणूस दंगल किंवा आपत्ती सोडून कुठल्याही बंदोबस्ताला नेऊ नये. व्हीआयपी दौऱ्यालाही नाही. हे शेवटचे वाक्य आदेशात लिहिणे आपल्याला जड जाईल, याची मला कल्पना आहे.

जिजी मागच्या सोमवारी पुन्हा जाऊन आल्या. तपासाचे साहेब यात्रेच्या बंदोबस्ताला गेले आहेत, यात्रा उठल्यावर या, असे सांगितले. त्यांनी पासबुक पिशवीत तसेच ठेवले आहे.

आपला,
खानदेशातला एक निवृत्त शिक्षक