बाबा, तुम्ही काही दाबलं नव्हतं

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, त्या सकाळी कॉम्प्युटरवर काळा पडदा आला आणि तुम्ही फोनवर म्हणालात, "माझ्याच हातून काहीतरी नको ते दाबलं गेलं." मी "असू द्या, रविवारी येते" म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तेव्हाच सुचायला हवं होतं. तुम्ही काही दाबलं नव्हतं, तो उद्योग माझा.

आदल्या दिवशी निघायच्या घाईत मी विंडोजमधूनच जुन्या उबुंटूचं, म्हणजे विंडोजशेजारच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, पार्टिशन (डिस्कवरचा तिचा भाग) उडवलं. म्हटलं, तिच्या जागी मिंट ही तशीच सिस्टिम पुढच्या खेपेला टाकू. एकदा रीस्टार्ट करून बघायलाही थांबले नाही. आता, विंडोज की उबुंटू हे विचारणारा जो ग्रब, तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपासून सुरू होतो आणि त्यातलेही ४४६ च त्याच्या वाट्याला. एवढ्यात काय मावणार? मेनूसकट त्याचं बरंचसं बिऱ्हाड उबुंटूच्या पार्टिशनमध्ये होतं. नेमकं तेच मी मोडलं. म्हणून "नो सच पार्टिशन" आणि खाली "ग्रब रेस्क्यू". विंडोज आत धडधाकट होतं, तिथवर नेणारं कुणी उरलं नव्हतं.

आई, तू तीनदा विचारलंस म्हणून: फोटो विंडोजच्या भागात आहेत, त्याला हातही लागलेला नाही.

रविवारी मी पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं, "झालं!" म्हणत पेनड्राइव्ह काढला आणि पुन्हा काळं. बाबा, तुम्ही चष्मा पुसत बसलात, बोलला काहीच नाहीत. तीही माझीच चूक. बूट लोडर, म्हणजे ग्रब, कुठल्या डिस्कवर टाकू, असं इन्स्टॉलर विचारतो. पेनड्राइव्हला 'एसडीए' नाव मिळालं होतं, मी सवयीने तेच निवडलं आणि ग्रब जाऊन बसला पेनड्राइव्हवर. मग तो परत लावून मिंट उघडलं, 'ग्रब-इन्स्टॉल' या वेळी 'एसडीबी'वर, म्हणजे कॉम्प्युटरच्या खऱ्या डिस्कवर, चालवलं, पाठोपाठ मेनू नव्याने बनवणारं 'अपडेट-ग्रब'. "फाउंड विंडोज" ही ओळ उमटली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आता मेनू ३० सेकंद थांबतो, चष्मा सापडेपर्यंत. काहीच दाबलं नाहीत तर विंडोज उघडेल. मिंटमधून परतल्यावर घड्याळ चुकायचं, तेही सरळ केलंय.

पेनड्राइव्ह खणात आहे. त्यावरून आता मिंटचा इन्स्टॉलर सुरू होणार नाही. फॉरमॅट केलात की आईची गाणी भरायला चालेल.

तुमची,
धाकटी